डब्यातली चकली मऊ का पडते? पाणी कुठून आले ते आधी शोधू या

ऐरोलीला राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे माहेर नाशिकचे; चकलीची भाजणी आईच्याच प्रमाणाची, दळूनही तिथूनच येते. नाशिकला याच भाजणीची चकली तुळशीच्या लग्नापर्यंत कुडकुडीत राहते, ऐरोलीला मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवूनही तिसऱ्या दिवशी मऊ पडते. चिवड्याचीही तीच गत, आणि कांदाभजी तर चहा संपायच्या आत लुळी पडतात. कोणी मोहन वाढवायला सांगते, कोणी चिमूटभर सोडा घालायला, तर शेजारच्या अनुभवी बायका खाडीच्या हवेला बोल लावून मोकळ्या होतात. दोष हवेचा की हाताचा, आणि एअर फ्रायर घेतल्याने काही फरक पडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अन्नतंत्रज्ञान शिकले, नवी मुंबईतल्या एका फरसाण कारखान्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षे पदार्थांतला ओलावा मोजण्याचेच काम केले, आणि गेली सतरा वर्षे ठाण्यात पाचपाखाडीला फराळाच्या ऑर्डरी घेते आहे. या सगळ्या काळात मऊ पडलेल्या पदार्थाकडे पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आले आहे: यात पाणी आले कुठून? ते मुळात आतच राहिलेले असू शकते, डब्यातल्या दुसऱ्या जिन्नसातून आलेले असू शकते किंवा हवेतून आलेले असू शकते. वाट कोणती ते कळल्याशिवाय केलेला उपाय बहुतेक वेळा वायाच जातो. चकलीत पाणी आतच राहिले असेल तर मोहन कितीही वाढवले तरी ती मऊच पडणार.

कुरकुरीतपणा म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे. भाजणीतला, पोह्यातला किंवा बटाट्यातला स्टार्च पाण्याबरोबर शिजला की मऊ, लवचीक होतो. त्यातले पाणी जवळजवळ सगळे काढून टाकून तो गार केला, तर त्याचे रेणू आहेत त्या जागी थिजतात आणि पदार्थ काचेसारखा होतो. विज्ञानात या स्थितीला काचावस्थाच म्हणतात. काच वाकत नाही, ती तडकते. चकलीही दाताखाली तशीच तडकते आणि तडकताना आवाज करते. हा आवाज नुसती शोभा नव्हे. वेफर खाताना होणाऱ्या आवाजातले तीव्र स्वर वाढवून तोच आवाज खाणाऱ्याच्या कानात ऐकवला, तर तोच वेफर त्याला अधिक ताजा आणि कुरकुरीत वाटतो, असे झाम्पिनी आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी दाखवले होते, आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली इग नोबेल हा गमतीदार पुरस्कारही मिळाला. ही काच पुन्हा मऊ करायला दोन गोष्टी पुरतात, उष्णता किंवा पाणी. थोडेसे पाणी रेणूंच्या मध्ये शिरले की ते पुन्हा सरकू लागतात आणि पदार्थ आधी वातड व मग मऊ होतो. साधारण २ ते ३ टक्के ओलावा असलेली चकली कुडकुडीत लागते. ओलावा ६-७ टक्क्यांच्या पुढे गेला की तिचा आवाज बसतो. म्हणजे पाव किलो चकल्यांत जेमतेम दोन चहाचे चमचे पाणी वाढले तरी सगळ्या मेहनतीवर पाणी पडते, आणि इथे तो वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे.

आता तुमच्या चकलीकडे वळते. डबा खरोखरच घट्ट असेल, तर तिसऱ्या दिवशी चकली मऊ करणारे पाणी बाहेरून आलेले नाही, ते चकलीबरोबरच डब्यात गेले. ताजी तळलेली एक चकली गार झाल्यावर मधोमध मोडा आणि मोडलेली बाजू उजेडात धरून पाहा. नीट तळलेल्या चकलीचा छेद कडेपासून मध्यापर्यंत सारख्या रंगाचा, बारीक जाळीदार आणि कोरडा दिसतो. घाईत तळलेल्या चकलीच्या पोटात मात्र वातीएवढा एक गडद, दाट गाभा दिसतो. नखाने दाबला तर तो चुरत नाही, दबतो. हा गाभा म्हणजे कोंडलेले पाणी. तळल्यादिवशी बाहेरचे कवच कोरडे असते म्हणून चकली कुरकुरीत लागते आणि आपण समाधानाने डबा बंद करतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत गाभ्यातले पाणी हळूहळू कवचाकडे सरकते आणि सगळीकडे सारखे पसरते. डब्याचे झाकण जितके घट्ट, तितके ते पाणी बाहेर पडण्याची शक्यता कमी. घट्ट डब्याने इथे शत्रूला घरातच कोंडून ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

खात्री करायची असेल तर घरचा वजनकाटा पुरतो. दहा चकल्या तोला. समजा २०० ग्रॅम भरल्या. त्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, बाहेर काढून डब्यात झाकून गार करा आणि पुन्हा तोला. १९० ग्रॅम भरल्या, तर त्यांत निदान ५ टक्के पाणी शिल्लक होते. प्रयोगशाळेतही आम्ही हेच करत असू, फक्त तिथे १०५ अंशांची भट्टी असे आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत नमुना तोलत राहावे लागे.

मग नाशिकला हीच चकली का टिकते? तुमच्या आईही तळलेल्या चकल्या रात्रभर परातीत पसरून ठेवत असतील आणि सकाळी डबे भरत असतील, असा माझा कयास आहे, कारण घाटावरच्या पुष्कळ घरांत ही पद्धत आहे. दिवाळीच्या सुमारास तिथली हवा कोरडी असते. गाभ्यात थोडे पाणी राहिले असले तरी त्या रात्रीत ते हवेत निघून जाते आणि तळणीतली चूक आपोआप दुरुस्त होते. ऐरोलीला खाडीकाठी तीच परात रात्रभर उघडी ठेवली, तर हवेतला दमटपणा रात्री आणखी वाढतो आणि चकली पाणी सोडण्याऐवजी ओढून घेते. एकच सवय एका गावी उपकारक आणि दुसऱ्या गावी मारक ठरते. तेव्हा दोष हवेचा की हाताचा, याचे माझे उत्तर असे, की हात नाशिकच्या हवेला सरावलेला आहे आणि ती हवा जी चूक पोटात घालत होती, ती खाडीची हवा घालत नाही. इथे चकली कढईतच पूर्ण कोरडी व्हायला हवी आणि हाताला गार लागली की, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात, डब्यात जायला हवी. गरम असताना भरली तर तिचीच वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली पडते. फार वेळ उघडी ठेवली तर ती सादळते.

कढईतच कोरडी करायची म्हणजे काय, यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. तळणे ही मुळात पाणी उडवण्याची क्रिया आहे. तेलात सोडलेल्या चकलीभोवती जे बुडबुडे फसफसतात, ते तेलाचे नसतात, चकलीतून बाहेर पडणाऱ्या वाफेचे असतात. जोवर वाफ जोरात बाहेर येते आहे, तोवर आतल्या ओल्या भागाचे तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळते, मग तेल १७० अंशांवर असो वा १९० अंशांवर. पाण्याची वाफ करायला उष्णता किती लागते, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. १ ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. हिशेब करून पाहिला, तर खालचा गॅस बंद आहे असे धरल्यास, १०० ग्रॅम पाणी उडवताना एक लिटर तेल शंभरहून अधिक अंशांनी थंड होईल. म्हणून घरच्या छोट्या शेगडीवर एका घाण्यात दहा-बारा चकल्या कोंबल्या, की तेल बसते, वाफेचा जोर ओसरतो, चकली तेल पिते आणि पाणी मात्र आतच राहते. लिटरभर तेलात एका वेळी चार किंवा पाच चकल्या, यापुढे मी घरी जात नाही.

उलट चूक मोठ्या आचेची. भाजणी आधीच भाजलेली असते, त्यात तिखट आणि हळद असते, त्यामुळे चकलीला रंग फार लवकर चढतो. हा तांबूस रंग आणि खमंग वास प्रथिने व शर्करा यांच्यातल्या ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. साधारण १४० अंशांच्या पुढे ती झपाट्याने होते, आणि पृष्ठभाग कोरडा झाला की लगेच सुरू होते. म्हणजे रंग सांगतो तो फक्त पृष्ठभागाची हकीकत. पोटात काय चालले आहे ते रंगावरून कळत नाही, ते बुडबुड्यांवरून कळते. चकली सोडल्यावर आधी मोठे, दाट, आवाज करणारे बुडबुडे येतात. मग ते लहान व विरळ होतात. शेवटी कडेने एखाददुसरी बारीक माळ तेवढी उरते आणि कढईचा आवाज स्पष्ट उतरतो. त्यानंतरच झारा घालायचा. तेल सुरुवातीला १७५ ते १८० अंशांवर असावे, चकल्या सोडल्या की ते आपोआप थोडे उतरते, आणि पुढे १६० ते १६५ अंशांवर मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे सावकाश तळणी व्हावी. तळणीचा थर्मामीटर घरात असणे मला एअर फ्रायरपेक्षा शंभर पटींनी उपयोगाचे वाटते. तो नसेल तर पिठाची गोळी टाकून पाहण्याची जुनी रीत आहेच: गोळी तळाशी क्षणभर टेकून लगेच वर आली तर तेल बेताचे तापले आहे, तळाला न टेकताच वर उसळली तर जास्त.

भिजवणीतही एक मेख आहे. भाजणीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे पिठाला धरून ठेवणारे दुसरे काहीतरी लागते, आणि ते म्हणजे उकळत्या पाण्याने फुललेला तांदळाचा स्टार्च. म्हणून पाणी खळखळ उकळलेलेच हवे आणि पीठ घातल्यावर अर्धा तास झाकून ठेवायला हवे. पाणी कोमट असेल तर चकलीचे तुकडे पडतात. मग आपण ती सोऱ्यातून नीट पडावी म्हणून पाण्याचा हात लावत राहतो आणि पीठ सैल होते. हे वरून घातलेले प्रत्येक चमचाभर पाणी पुन्हा कढईत उडवावे लागणार असते. एक वाटी भाजणीला एक वाटीला जरा कमी पाणी आणि एक मोठा चमचा तेलाचे मोहन, हे माझे प्रमाण. मोहनाचे काम वेगळे आहे: तेल पिठाच्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, म्हणून पदार्थ सहज भुगा होणारा, म्हणजे खुसखुशीत होतो. कुरकुरीत आणि खुसखुशीत हे शब्द आपण सरमिसळ करून वापरतो, पण कढईत त्यांची कारणे निराळी असतात. करंजी खुसखुशीत हवी म्हणून तिला मोहन आणि साटा. चकली कुरकुरीत हवी म्हणून तिच्यातले पाणी जायला हवे. मोहन वाढवत नेले तर चकली कुरकुरीत होण्याऐवजी तेलात फसकते आणि तळाशी नुसता चुरा जमतो. सोड्याचेही तसेच. त्याने पीठ फुगते, जाळी मोठी पडते, रंग लवकर गडद होतो आणि त्या मोठ्या जाळीत तेल भरते. चकलीत सोड्याला मी थारा देत नाही.

तेल पदार्थात शिरते ते मुख्यतः तळताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर. तळताना वाफ बाहेर रेटत असल्याने तेलाला आत जायला वाव नसतो. बाहेर काढताच आतल्या वाफेचे पाणी होते, पोकळी निर्माण होते आणि अंगावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यातल्या चकल्या कढईवरच दहा-पंधरा सेकंद निथळू द्याव्यात, आणि मग परातीत ढीग न करता जाळीवर एकेरी पसराव्यात. कागदावर रचलेल्या ढिगात खालच्या चकल्या वरच्यांच्या वाफेत अक्षरशः उकडतात, आणि छापील कागद तर शाईमुळे अन्नाला मुळीच लागू नये.

चिवड्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी स्वतःच्या फजितीतून शिकले. व्यवसायाच्या पहिल्याच दिवाळीत मला एका कचेरीची तीस किलो पातळ पोह्यांच्या चिवड्याची ऑर्डर मिळाली. पोहे मी दोन दिवस उन्हात वाळवले होते, मंद आचेवर बोटात चुरा होईपर्यंत भाजले होते, पिशव्याही उत्तम जाड घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी फोन आला, की चिवडा मऊ लागतो. मी पिशव्यांना दोष दिला, मग सील करणाऱ्या यंत्राला, मग पावसाला, जो त्या वर्षी ऑक्टोबरात रेंगाळला होता. शिल्लक राहिलेल्या दोन पिशव्या उघडून एकेक जिन्नस वेचून चाखला तेव्हा खरे कारण सापडले: बेदाण्यांच्या जवळचे पोहे सर्वांत जास्त मऊ होते, आणि बेदाणे मात्र घातले तेव्हापेक्षा कडक झाले होते.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे हाताळलेली गोष्ट स्वयंपाकघरात माझ्या ध्यानात आली नव्हती. पाणी जास्त टक्केवारीकडून कमी टक्केवारीकडे जाते असे नाही. ते जिथे मोकळे आहे तिथून, जिथे त्याची ओढ जास्त आहे तिकडे जाते. या मोकळेपणाच्या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ते शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. चांगल्या वाळवलेल्या, भाजलेल्या पोह्यांचे हे माप ०.२ ते ०.३ च्या आसपास असते, बेदाण्यांचे ०.५ ते ०.६ च्या. एका बंद पिशवीत दोन्ही ठेवले की माप सारखे होईपर्यंत पाणी बेदाण्यांतून पोह्यांत जात राहते, आणि ०.४ ओलांडता ओलांडता पोह्यांचा कुरकुरीतपणा जातो. तळलेल्या कांद्याचा धोका याहून मोठा. सोनेरी दिसणाऱ्या कांद्याच्या कापांत एखादा जाड काप मध्ये ओला राहतो, आणि अशी मूठभर कापे डबाभर चिवडा सादळवायला पुरतात. कांदा चिवड्यात हवाच असेल तर तो सारख्या जाडीचा चिरावा, आधी एक दिवस पंख्याखाली किंवा उन्हात सुकवावा, मंद आचेवर तळावा आणि गार झाल्यावर एकेक काप कडकन मोडतो का ते पाहूनच घालावा. बेदाणे मी आता वेगळ्या छोट्या पुडीत देते. ज्याला हवे त्याने ताटलीत मिसळावे. खोबऱ्याचे काप, डाळं आणि शेंगदाणे यांचा काही त्रास नाही, मात्र कढीपत्ता धुऊन लगेच फोडणीत टाकू नये, आणि हिरव्या मिरचीचे तुकडे पांढरट, कडक होईपर्यंत तळून घ्यावेत. पिठीसाखर आणि मीठ दोन्ही दमट हवेत पाणी ओढतात. इथल्या हवेत साखर हात आखडूनच घालावी आणि चिवडा कोमट झाल्यावर घालावी.

तुम्ही भाजणीबरोबर चिवड्याचे पोहेही नाशिकहून आणत असाल, तर ते इथे आल्यावर पुन्हा वाळवायलाच हवेत, कारण वाटेत आणि घरात त्यांनी ओलावा घेतलेला असतो. ऊन नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये पसरट ताटलीत वाटी-दोन वाट्या पोहे मिनिटभर तापवून, हलवून, पुन्हा मिनिटभर तापवावेत. एरवी कुरकुरीत पदार्थाला मायक्रोवेव्ह घातकच: तो आतले पाणी तापवतो, पण भोवतालची हवा थंड राहते, त्यामुळे बाहेर येणारी वाफ पृष्ठभागावरच थिजते आणि वडा रबरासारखा होतो. पातळ पोह्यांना आत-बाहेर असे काही नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा दोष आड येत नाही.

पाणी पूर्ण काढणे हेच नेहमी बरोबर असते असेही नाही, आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण कुरडई. गहू भिजवून काढलेला चीक शिजवून, सोऱ्याने पाडून, वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवला तरी तिच्यात साधारण दहा टक्के पाणी शिल्लक असते, आणि तेच तिला फुलवते. कडक तापलेल्या तेलात तिची काच क्षणभर मऊ होते, त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होऊन ती ताणते, आणि वाफ निघून जाताच ताणलेली जाळी तशीच थिजते. तीन-चार सेकंदांत हे घडावे लागते. तेल कमी तापलेले असेल तर पाणी फुलवण्याआधीच झिरपून निघून जाते आणि कुरडई तळाशी तांबडी, चिवट पडून राहते. पावसाळ्यात डब्यात सादळलेली कुरडईही नीट फुलत नाही. तिला एक कडक ऊन दाखवले की ती पुन्हा ताळ्यावर येते. चकलीला मध्यम आच आणि कुरडईला, पापडाला कडक तेल, या वरवर उलट दिसणाऱ्या सूचनांचे कारण हेच.

भज्यांच्या बाबतीत मात्र अपेक्षाच थोडी उतरवावी लागेल. कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते सगळे काढले तर भजे उरणारच नाही. त्यामुळे कवचाखालचे पाणी वर येणे अटळ आहे, आपल्या हातात फक्त ते लांबवणे आहे. कांदा पातळ उभा चिरून मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन भिजवावे, वरून पाणी घालू नये. वाटीभर बेसनाला दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ घालावे. त्याचे कवच बेसनापेक्षा कडक आणि टिकाऊ होते. दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन पुरते. गोल जाड भज्यापेक्षा विस्कटलेले खेकडा भजे जास्त वेळ कुरकुरीत राहते, कारण त्यात गर कमी आणि कडा जास्त. येऊरच्या रस्त्यावरचे भजीवाले पहिला घाणा अर्धवट तळून बाजूला काढतात आणि गिऱ्हाईक आले की कडक तेलात दुसऱ्यांदा सोडतात, ते केवळ वेळ वाचवण्यासाठी नाही. मधल्या काळात आतले पाणी कवचात येते आणि दुसऱ्या तळणीत ते उडून जाते. घरीही १६० अंशांवर आधी तळून, दहा मिनिटे जाळीवर ठेवून, १८५-१९० अंशांवर मिनिटभर पुन्हा तळून पाहा. आणि कृपा करून भजी झाकणाच्या हॉटपॉटमध्ये ठेवू नका; त्यात ती गरम राहतील, पण वाफेने भिजतील.

पाण्याशी आधीच दोन हात करण्याची कला शिकायची तर बेलापूरच्या दिवाळे गावातल्या कोळणींकडून शिकावी. बोंबलाच्या मांसात ८५ ते ९० टक्के पाणी असते, तसाच तळला तर त्याचा लगदा होतो. म्हणून तो उभा चिरून, उघडून, दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा-वरवंट्याचे वजन अर्धा-एक तास ठेवायचे, निथळलेले पाणी फेकायचे, आणि मगच तिखट-मीठ लावून तांदळाचे पीठ व रवा यांत घोळवून तळायचे. वजनाखालून निघालेले ते वाटीभर पाणी पाहिले की तव्यावर किती उष्णता वाचली याची कल्पना येते.

एअर फ्रायर म्हणजे जोरात वारा फिरवणारी छोटी भट्टी. आधीच तळलेले पदार्थ पुन्हा कडक करायला आणि तेल चोपडलेल्या कोरड्या पदार्थांना तो उत्तम आहे. भज्याचे पातळ पीठ त्यात ओघळून जाते आणि चकली कोरडी होते, पण तेलातली जाळी आणि चव तिला येत नाही. तेवढ्यासाठी नवे यंत्र घ्यावे असे मला वाटत नाही. तेल मात्र जुने वापरू नका. वारंवार तापलेल्या तेलाला फेस येतो, त्यामुळे बुडबुड्यांवरून काही कळेनासे होते, आणि चकली आठवड्याभरात खवट लागते. तेल तापून तापून बिघडताना त्यात जी ध्रुवीय संयुगे साचतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकासाठी अयोग्य, असा आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे. घरी ते मोजता येत नाही, तेव्हा तेल गडद, दाट आणि फेसाळ दिसले की काढून टाकावे हे बरे.

आता सध्या तुमच्या डब्यात ज्या मऊ चकल्या आहेत त्यांच्याविषयी. त्या टाकून देऊ नका आणि पुन्हा तेलातही तळू नका. ओव्हन ११० अंशांवर तापवून जाळीवर एकेरी थर लावा आणि वीस ते तीस मिनिटे ठेवा. पहिली दहा मिनिटे दार बोटभर उघडे राहू द्या, म्हणजे वाफ बाहेर पडेल. बाहेर काढल्याबरोबर त्या मऊच लागतील, कारण गरम असेपर्यंत काच झालेली नसते, आणि इथेच पुष्कळ जणी घाबरून वेळ वाढवतात व चकल्या करपवतात. त्या पूर्ण गार होऊ द्या, तोवर पंधरा-वीस मिनिटे दुसऱ्या कामाला लागा, आणि मग एक चकली कानाजवळ धरून मोडा.